कंसात काय बसेल

दहावीच्या बीजगणिताच्या वहीत पानाच्या उजव्या बाजूला पेन्सिलीने एक उभी रेघ मारलेली असते आणि तिच्या पलीकडच्या अरुंद पट्टीवर ‘कच्चे काम’ असे लिहिलेले असते. वर्गत्रिपदीचे, म्हणजे १२क्ष² − क्ष − २० सारख्या तीन पदांच्या राशीचे, अवयव पाडण्याचा, म्हणजे ती दोन कंसांच्या गुणाकारात लिहिण्याचा, खरा उद्योग या पट्टीत चालतो. डावीकडच्या पक्क्या भागात चार नीटस ओळी उतरतात: दिलेली राशी, मधले पद फोडून लिहिलेली राशी, दोन-दोन पदांतून सामाईक काढलेली राशी आणि शेवटी दोन कंस. पहिल्या ओळीवरून दुसरीवर जाताना नेमके काय घडले, हे मात्र डावीकडे कुठेच नसते. ते पट्टीत असते, आणि उत्तर जमले की बहुतेक मुले खोडरबर घेऊन ती पट्टी साफ करून टाकतात. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीतली काही मुले संध्याकाळी माझ्याकडे गणित घेऊन बसतात. त्यांना मी पट्टी पुसायची नाही एवढी एकच अट घातली आहे, आणि ती पाळणे त्यांना गणितापेक्षा जड जाते.

याचे कारण मला समजते. परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात आणि ‘करून पाहिले, बसले नाही’ ही काही पायरी मानली जात नाही. त्यातून हळूहळू असा समज पक्का होतो की मधले पद फोडणे ही रीत आणि कंसात आकडे घालून पाहणे हा अंदाजपंचे कारभार. हा भेद मुळात फसवा आहे. १२क्ष² − क्ष − २० ही राशी घ्या. तिचे अवयव (३क्ष − ४) आणि (४क्ष + ५) असे आहेत. कंस उलगडले की मधे दोन पदे येतात, १५क्ष आणि −१६क्ष. यातले १५ हे ३ आणि ५ यांच्या गुणाकारातून आले, तर −१६ हे −४ आणि ४ यांच्या. म्हणजे या दोन पदांच्या सहगुणकांचा गुणाकार केला तर त्यात ३, ५, −४ आणि ४ असे चौघेही येतात. आणि नेमके हेच चौघे वेगळ्या जोड्या करून १२ आणि −२० बनवतात. म्हणून −१६ आणि १५ यांचा गुणाकार १२ गुणिले −२०, म्हणजे −२४० इतका भरतो. मधले पद फोडण्याच्या रीतीमागचे सगळे रहस्य एवढेच आहे. चार रिकाम्या जागांचा शोध तिने दोन संख्यांवर आणला, ही तिची कमाई खरी. पण ‘गुणाकार −२४० आणि बेरीज −१’ अशा दोन संख्या सापडायच्या कशा, याचे उत्तर तिच्यापाशीही ‘करून पाहा’ हेच आहे. २४० च्या १० जोड्या होतात, १ आणि २४० पासून १५ आणि १६ पर्यंत. मुले त्या पट्टीत एकेक लिहून पाहतात, आणि मग पुसतात.

थेट कंस भरून पाहण्याची रीत मला आवडू लागली ती लोकलमध्ये. ठाण्याहून वाशीला कामावर जाताना ट्रान्स हार्बरच्या गाडीत सकाळी जी गर्दी असते तिच्यात एक हात वरच्या कडीला आणि दुसरा पर्सवर असतो. कागद काढण्याचा प्रश्नच येत नाही. मोबाईलवर पाहायलाही मान खाली घालता आली पाहिजे. अशा वेळी आदल्या संध्याकाळी मुलांनी आणलेली एखादी राशी डोक्यात घोळवत राहणे हा माझा विरंगुळा आहे. ऐरोली, रबाळे, घणसोली अशी स्थानके जातात तसा हिशोब पुढे सरकतो. कागदाशिवाय काम करण्याची एक शिस्त असते: डोक्यात एका वेळी तीन-चार गोष्टींपेक्षा जास्त राहत नाहीत, त्यामुळे करून पाहण्याआधी काय करून पाहायचे नाही हे ठरवावेच लागते. या पद्धतीचा सगळा रस मला इथे सापडला.

वरचीच राशी घेऊन पाहू. १२ चे विभाजन तीन प्रकारे होते: १ आणि १२, २ आणि ६, ३ आणि ४. वीसचेही तीन प्रकारे: १ आणि २०, २ आणि १०, ४ आणि ५. वीसच्या प्रत्येक जोडीतली कोणती संख्या कोणत्या कंसात जाईल याचे दोन पर्याय, आणि स्थिरपद ऋण असल्यामुळे उणे कोणत्या कंसाला लागेल याचे आणखी दोन. सगळे मिळून ३६ प्रकार झाले. ते सगळे करून पाहायचे म्हटले तर कोपरखैरणे गाठेपर्यंत डोके शिणून जाईल. पण मूळ राशीकडे नीट पाहिले की दिसते, १२, १ आणि २० यांना सामाईक भाजक नाही. मग कुठल्याही कंसातही तो असू शकत नाही. एका कंसात (४क्ष + २) असे काही आले तर सबंध राशीला २ ने भाग गेला पाहिजे, आणि तो तर जात नाही. या एका निरीक्षणाचा हिसका मोठा आहे. २क्ष आणि ६क्ष अशी सुरुवात केली तर दोन्ही कंसांत विषम संख्याच घालाव्या लागतील. दोन विषम संख्यांचा गुणाकार २० कसा होणार? म्हणजे २ आणि ६ ची सगळी रांग, तब्बल १२ प्रकार, एकही गुणाकार न करता बाद झाली. राहिलेल्यांत ४क्ष च्या शेजारी २, ४, १०, २० बसू शकत नाहीत. फक्त १ किंवा ५. तीच गत १२क्ष ची. ३६ मधून आता आठच प्रकार, म्हणजे चिन्ह बाजूला ठेवले तर चारच मांडण्या शिल्लक आहेत, आणि उणे चिन्ह इकडून तिकडे केल्याने मधल्या पदाचे फक्त चिन्ह पालटते, म्हणून त्याचा विचार शेवटी केला तरी चालतो.

त्या चार मांडण्यांतल्या तिरक्या गुणाकारांची वजाबाकी करून पाहायची. १२क्ष शी १ आणि क्ष शी २० ठेवले तर २४० वजा १, म्हणजे २३९. १२क्ष शी ५ आणि क्ष शी ४ ठेवले तर ४८ वजा ५, म्हणजे ४३. ४क्ष शी १ आणि ३क्ष शी २० ठेवले तर ८० वजा ३, म्हणजे ७७. ४क्ष शी ५ आणि ३क्ष शी ४ ठेवले तर १६ वजा १५. आले. मधले पद उणे आहे, तेव्हा १६ उणे हवेत, म्हणजे ४ ला उणे चिन्ह. सरावलेली व्यक्ती या चारांतलेही पहिले तीन करत नाही. मधले पद १ इतके लहान आहे म्हणजे दोन्ही तिरके गुणाकार एकमेकांना खेटून असले पाहिजेत, हा आडाखा तिला सरळ शेवटच्या मांडणीकडे नेतो. मधले पद फोडणाऱ्याने दहा जोड्यांची यादी केली असती. इथे चारात काम झाले, आणि त्या चारांपर्यंत येताना १२ आणि २० या दोन संख्यांचे अंतरंग जेवढे उघडे पडले तेवढे २४० च्या यादीतून पडले नसते.

या पद्धतीला नावे ठेवणारे म्हणतात की हे जुडग्यातली एकेक किल्ली कुलपाला लावून पाहण्यासारखे आहे. मला ही तुलना पटत नाही. पहिली किल्ली लागली नाही यावरून दुसरीबद्दल काहीच कळत नाही. कंसांत मात्र एक मांडणी चुकली की ती किती चुकली आणि कुठल्या बाजूला चुकली हे दिसते, आणि पुढची मांडणी त्या अंतराकडे पाहून निवडता येते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे यादी संपते. हे मला तळमजल्यावरच्या मुलीमुळे फार स्पष्टपणे दिसले. ती कुठल्याशा क्लासची छापील सरावपत्रिका घेऊन आली होती आणि त्यातल्या एका राशीवर अडली होती: ६क्ष² + क्ष + १२. आली तीच रडवेली होऊन.

“काकू, मी सगळ्या जोड्या करून बघितल्या. एकही बसत नाहीये. माझंच काहीतरी चुकतंय.”

“तुझं चुकलं नसलं तर?”

“असं कसं? छापलंय ना!”

तिची पट्टी पुसलेली नव्हती हे नशीब. गुणाकार ७२ हवा म्हणून तिने जोड्या ओळीने मांडल्या होत्या आणि समोर बेरजा लिहिल्या होत्या. १ आणि ७२, बेरीज ७३. २ आणि ३६, बेरीज ३८. ३ आणि २४, २७. ४ आणि १८, २२. ६ आणि १२, १८. ८ आणि ९, १७. इथे यादी संपली होती आणि तिने पेन्सिलीने दोनदा अधोरेखित करून प्रश्नचिन्ह काढले होते. मी तिला जोड्यांकडे न पाहता नुसत्या बेरजांचा स्तंभ वरून खाली वाचायला सांगितले. ७३, ३८, २७, २२, १८, १७. तिने तो वाचला, थांबली, पुन्हा वाचला.

“कमी कमी होतंय. पण १७च्या खाली जातच नाही.”

“आणि आपल्याला किती हवीय?”

“एक.” मग जरा वेळाने, “म्हणजे होणारच नाही?”

होणारच नाही. आणि हे तिने सिद्ध केले होते, मला काही सिद्ध करावे लागले नाही. दोन धन संख्यांचा गुणाकार ठरलेला असेल तर त्या जितक्या एकमेकींच्या जवळ येतील तितकी त्यांची बेरीज कमी होते, आणि दोन्ही सारख्या झाल्या की तिथे ती सर्वांत कमी असते. ७२ साठी ते टोक ७२ च्या वर्गमुळाच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १६.९७ इतके आहे. अपूर्णांक घ्या, अपरिमेय संख्या घ्या, बेरीज त्याच्या खाली येऊ शकत नाही. दोन्ही संख्या ऋण घेतल्या तर बेरीजच ऋण होते, तेव्हा तो मार्गही बंद. मूळ प्रश्नात १२ च्या आधी उणे असावे आणि छापताना त्याचे अधिक झाले असावे असे दिसते, कारण ६क्ष² + क्ष − १२ चे (२क्ष + ३)(३क्ष − ४) असे सरळ अवयव पडतात. चूक छपाईची असेल, पण तिच्यामुळे त्या मुलीच्या हाती एक मोठी गोष्ट लागली. बेरजेचा वर्ग गुणाकाराच्या चौपटीपेक्षा कमी असता कामा नये, ही जी अट तिच्या स्तंभाच्या तळाशी दिसत होती, तीच पुस्तकात ‘विवेचक’ या नावाने येते: मधल्या सहगुणकाचा वर्ग वजा उरलेल्या दोघांच्या गुणाकाराची चौपट. पुस्तकात ती सूत्राच्या पोटातून बाहेर पडते आणि मुले ती पाठ करतात. पट्टीतल्या सहा बेरजांतून ती आपोआप वर आलेली पाहणे हा वेगळाच अनुभव आहे.

सगळ्या जोड्या करून पाहिल्या आणि एकही बसली नाही, तर अवयव पडत नाहीत असे छातीठोकपणे म्हणायला आणखी एक आधार लागतो. कंसात अपूर्णांक घालून जमले असते तर? पूर्णांकांची यादी संपली तरी अपूर्णांकांची संपत नाही. ही शंका हुशार मुले विचारतात आणि ती विचारलीच पाहिजे. तिचे निरसन जर्मन गणिती गाऊसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका उपप्रमेयाने होते, ज्याचा उगम त्याच्या १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या अंकगणितावरच्या ग्रंथात आहे. पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदीचे परिमेय सहगुणक घेऊन अवयव पडत असतील तर पूर्णांक सहगुणक घेऊनही पडतातच, असा त्याचा आशय आहे. म्हणजे क्ष² + ६क्ष + ४ साठी १ आणि ४, २ आणि २ एवढ्या दोनच जोड्या पाहायच्या. बेरजा ५ आणि ४ येतात, ६ येत नाही, आणि प्रश्न मिटतो. परिमेय संख्यांत याचे अवयव नाहीत. राशीला शून्य करणाऱ्या क्ष च्या किमती, म्हणजे तिची मुळे, आहेत, पण त्यांत ५ चे वर्गमूळ आहे. अपयशांची संपूर्ण यादी हीच इथे सिद्धता ठरते. खोडरबराने आपण नेमकी तीच पुसत असतो.

आणि अपयश ही इथे नेहमीची गोष्ट आहे, हेही पाठ्यपुस्तके लपवतात. क्ष² च्या पुढे मधला सहगुणक १ ते १० आणि स्थिरपद १ ते १० असे सगळे १०० प्रकार मांडून पाहा. त्यांतल्या केवळ १४ राशींचे पूर्णांकांत अवयव पडतात. मोजायला सोपे आहे, कारण ज्यांची बेरीज आणि गुणाकार दोन्ही दहाच्या आत राहतात अशा जोड्याच मोजायच्या: १ बरोबर १ ते ९ पर्यंतच्या नऊ, २ बरोबर २ ते ५ पर्यंतच्या चार, आणि ३ बरोबर ३. वहीत मात्र शंभरातल्या शंभर पडतात, कारण त्या आधी कंस ठरवून मग उलगडलेल्या असतात. मला यात लबाडी वाटत नाही, सरावासाठी ते लागतेच. पण अधूनमधून एखादी न पडणारी राशी मुद्दाम घातली नाही तर मुलांना ‘न पडणे’ म्हणजे आपली नामुष्की वाटते.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, करून पाहण्याची एवढी वकिली कशाला, सूत्र घाला आणि मोकळे व्हा. तेही आपल्या जुन्या लोकांनी करून ठेवले आहे. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणि’मधला बीजगणिताचा भाग ११५० सालचा. तिथे वर्गसमीकरणाच्या प्रकरणात ते श्रीधराचार्यांचा नियम उद्धृत करतात. श्रीधरांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, नियम तेवढा अशा उद्धरणांतून आपल्यापर्यंत आला. दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा आणि मधल्या सहगुणकाचा मुळातला वर्ग मिळवा, असा तो नियम. १२क्ष² − क्ष = २० ला ४८ ने गुणले की ५७६क्ष² − ४८क्ष = ९६०; दोन्हीकडे १ मिळवला की डावीकडे (२४क्ष − १) चा वर्ग आणि उजवीकडे ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. मग २४क्ष हे एकदा ३२ आणि एकदा −३०, आणि क्ष हा ४/३ किंवा −५/४. अपूर्णांक टाळण्यासाठी आधीच चौपट करून घेण्याची युक्ती इतकी साफ आहे की ती पाहून दर वेळी मला आनंद होतो. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. आपल्याच मुलखात हा नियम घोकला गेला असेल, हा विचार सुखावतो.

या रीतीत करून पाहणे उरते ते फक्त ९६१ हा पूर्ण वर्ग आहे का, एवढ्यापुरते. आणि वर्गमूळ काढणे, संख्या कितीही मोठी असली तरी, सोपे काम आहे. म्हणून सहगुणक चार-पाच अंकी असतील तिथे मी स्वतःही जोड्यांच्या नादी लागत नाही. संख्या लहान असतात तोवर करून पाहण्यात गोडी आहे. ती लांबवली तर हट्ट होतो.

पण बेरीज आणि गुणाकार या जोडीबद्दल एक गोष्ट मी मुलांना सांगतेच. दोन संख्यांचा गुणाकार आणि बेरीज दोन्ही माहीत असतील तर त्या संख्या श्रीधरांच्या नियमाने हातोहात सापडतात. बेरीज लपवून नुसता गुणाकार दिला तर? दोन लहान मूळ संख्यांचा, म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या संख्यांचा, असेल तर भागून भागून सापडतील. शेकडो अंकी मूळ संख्यांचा असेल तर जगातले मोठमोठे संगणकही हात टेकतात. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली मांडलेली आरएसए ही सांकेतिक लेखनाची पद्धत याच अडचणीवर उभी आहे. त्यात गुणाकार जाहीर असतो. बेरीज कोणाच्या हाती लागली, तर दहावीचा मुलगाही क्ष² − (बेरीज)क्ष + (गुणाकार) लिहून आणि एक वर्गमूळ काढून दोन्ही मूळ संख्या मिळवू शकेल. आरएसए-२५० नावाची २५० अंकी संख्या २०२० साली फोडण्यात आली, आणि तेवढ्यासाठी हजारो संगणकांना एकत्र राबावे लागले. सरावपत्रिकेतल्या प्रत्येक प्रश्नात मधले पद म्हणजे केवढी मोठी मदत आयती दिलेली असते, हे यावरून कळते.

तळमजल्यावरच्या मुलीला त्या चुकलेल्या चिन्हाने मात्र वेगळाच नाद लावला. उणेचे अधिक झाले की अवयव नाहीसे होतात, हे तिने पाहिले. मग चिन्ह बदलूनही अवयव टिकतात अशा राशी आहेत का, असे तिने विचारले. आहेत. क्ष² + ५क्ष + ६ चे (क्ष + २)(क्ष + ३) होतात आणि क्ष² + ५क्ष − ६ चे (क्ष + ६)(क्ष − १). तसेच १३ आणि ३० चे: एकदा ३ आणि १०, एकदा १५ आणि −२. १७ आणि ६० चे: एकदा ५ आणि १२, एकदा २० आणि −३. या जोड्या कुठून येतात ते मी तिला सांगितले नाही, फक्त ३, ४, ५ बाजूंचा काटकोन त्रिकोण काढून त्याचे क्षेत्रफळ काढायला सांगितले. क्षेत्रफळ ६ आले, कर्ण ५. मग ५, १२, १३ चा काढला; क्षेत्रफळ ३०. पुढचा तिने न सांगता काढला. कारण काटकोनाच्या दोन बाजूंच्या बेरजेचा वर्ग आणि वजाबाकीचा वर्ग हे कर्णाच्या वर्गापासून सारख्याच अंतरावर, एक वर आणि एक खाली, असतात, आणि ते अंतर क्षेत्रफळाच्या चौपटीइतके असते. विवेचकाला पूर्ण वर्ग होण्यासाठी दोन्ही चिन्हांत जे लागते ते नेमके हेच. ६५ कर्ण असलेले पूर्णांकी काटकोन त्रिकोण चार आहेत, त्यामुळे ६५क्ष मधे असलेल्या अशा स्थिरपदांचीही संख्या चारच. त्यांतले ७५० तिने परवा शोधून आणले. अधिक असेल तर १५ आणि ५०, उणे असेल तर ७५ आणि −१०. उरलेल्या तिघांवर ती आता पट्टीच काय, अख्खे पान खर्च करते आहे.